पाळण्यातला वरवंटा

बारशाचा मांडव भरायला लागला तरी अमोलच्या अंगात सदरा नव्हता.

साईनगरातल्या गावंड्यांच्या दारात आचारी वांग्याच्या भाजीला फोडणी देत होता. बडनेऱ्याहून अमोलचे रेल्वेतले सोबती येऊन पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसले होते. आणि ज्याच्या मुलाचं बारसं, तो बाप मागच्या खोलीत उघड्या अंगाने पलंगाला टेकून बसला होता. त्याच्या छातीवर बायकोच्या जुन्या सुती ओढणीने बांधलेलं पोरगं झोपलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला टोपीचा गोंडा आणि एक कान एवढंच काय ते दिसत होतं.

"आत्या, दार लावून घे ना," अमोल म्हणाला.

बेबीताईने दार लावलं, पण स्वतः आत राहून. ती पातूरला दिलेली, आणि माहेरी आली की सहा महिन्यांचं बोलणं दोन दिवसांत उरकून घ्यायची.

"पाहू दे ना बाप्पा. पातूरले जाऊन सांगा लागते. आमच्या इकडे म्हैस व्याली तं रेडा गोठ्याच्या बाहेर राह्यते. अठी रेडाच बाळंतीन झाला. डिंकाचे लाडू देल्ले का रे तुले?"

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं, आत्या. अंगाची ऊब अंगाले लागली पाह्यजे. मोनाली आत्ताच झोपली. तिची पाळी झाली, आता माही हाय."

"तुह्या छातीवर एवढे केस. पोट्ट्याले वाटत असन, अस्वलाच्या घरी जन्माले आलो."

अमोल हसला, पण जपून. हसलं की छाती हलायची आणि पोरगं कपाळाला आठी घालायचं.

पोरगं फार लवकर आलं होतं. मोनाली बाळंतपणाला मोर्शीला माहेरी जायची होती, त्याची पिशवीसुद्धा भरून झाली नव्हती. मग सरकारी दवाखान्यातली काचेची पेटी, नाकात नळी, आणि बाहेरच्या बाकावर आळीपाळीने बसलेले गावंडे. महिनाभराने घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं. आईबापाने पाळीपाळीने छातीशी धरायचं. दूध वेळेवर. हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. आणि गर्दीत तर मुळीच न्यायचं नाही, वजन भरेपर्यंत साधा सर्दीचा माणूसही जवळ नको. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात मान हलवली ती आजोबा झालेल्या किशोरने, आणि घरी येऊन त्याने अर्ध्या साईनगराला जेवायला बोलावलं.

आता मोनालीचं म्हणणं एवढंच होतं की पोराला मांडवात न्यायचं नाही. किशोरचं म्हणणं होतं की लोक काय रिकामा पाळणा पाहायला आले का.

या दोघांच्या मधे सीमा होती. किशोरची बायको, अमोलची आई. सकाळपासून ती स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधे हेलपाटे घालत होती, आणि ज्याच्याशी बोलेल त्याला तुझंच बरोबर म्हणत होती. यात तिची लबाडी नव्हती. नवऱ्याशी बोलताना तिला लोकांसमोर होणारी शोभा दिसायची, सुनेशी बोलताना त्या पोराच्या काडीएवढ्या मांड्या दिसायच्या. सत्तावीस वर्षं तिने या घरात असंच निभावलं होतं. आज मात्र दोन्हीकडे हो म्हणून भागणार नव्हतं, आणि त्यात सासूबाईंचं तिसरंच काही चाललं होतं.

पार्वताबाईंनी सकाळी सूप धुऊन उन्हात ठेवलं होतं. आता त्याला हळदकुंकू लावून त्यात मूठभर ज्वारी आणि एक कवडी ठेवून त्या देवघरापाशी बसल्या होत्या.

"आई, हे काय व?" सीमाने विचारलं.

"इंदूबाई येऊन राह्यली ना अकोल्याहून?"

"हो. अनुपभाऊ घेऊन येऊन राह्यले."

"मंग झालं. पोट्टं विकून टाकतो अन् मोकळी होतो."

सीमाने सुपाकडे पुन्हा नीट पाहिलं. विक्रीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, पण ती दिवाळीला हसण्यासाठी. सूप काढण्यापर्यंत मजल गेलेली तिने पाहिली नव्हती.

गोष्ट किशोरच्या आजोबांची, कवडूआबांची. इंग्रजांच्या काळी अमरावती कापसावर वाढत होती. जिनिंगचे भोंगे वाढले, गल्ल्या वाढल्या, आणि पिण्याचं पाणी नि गटाराचं पाणी यांच्यातलं अंतर तेवढं कमी झालं. आबांचे वडील कापूसबाजारात मापारी म्हणून खेड्यावरून आले आणि अशाच एका गल्लीत राहिले. तिथे त्यांची तीन लेकरं पाळण्यात बसायच्या आधीच गेली. त्या गल्ल्यांत हे नवल नव्हतं. चौथा झाला तेव्हा आईने त्याला सुपात घातलं आणि तानुबाईला एका कवडीला विकून टाकलं. यम गावंड्यांचं पोरगं शोधत येईल, त्याला कळेल की इथलं पोरगं विकलं गेलंय, आणि तो पत्ता चुकून परत जाईल, असा सगळा हिशेब.

तानुबाई महारवाड्यातली सुईण. म्युनिसिपालिटीने सुइणींना शिकवायला एक मडम ठेवली होती, तिच्या हाताखाली हात धुवायला आणि कात्री उकळायला शिकलेली. विकलेलं पोरगं पाचव्या वर्षी ज्वारी देऊन परत घ्यायचं असा रिवाज. पण आबांचे वडील कामात होते. पाचवं वर्ष गेलं, सहावं गेलं, दर साली पुढच्या दिवाळीला घेऊ म्हणता म्हणता पोराला मिशा फुटल्या. मग छप्पन साली तानुबाईने दीक्षा घेतली आणि असले व्यवहार कायमचे बंद केले. कवडूआबा परत घ्यायचे राहिले ते राहिलेच.

पुढे तानुबाईचा नातू धर्मपाल दिवाळीला दारात येऊन विचारायचा, "काय गा, आमचा माल बरा हाय ना?" आणि चांगले सत्तरीतले कवडूआबा हात जोडून उभे राहायचे, "चारापानी वेळेवर भेटते, मालक." धर्मपाल गेला, आबा गेले. आता धर्मपालची बायको इंदूबाई यायची आणि हसणं चालू होतं.

पार्वताबाई मात्र त्या हसण्यात कधी हसल्या नाहीत. घरात कोणाच्या हे लक्षात आलेलं नव्हतं.

इंदूबाई आल्या त्या मुलाच्या, अनुपच्या, खांद्यावर हात ठेवून, गुडघ्याला दूषणं देत. पांढरं पातळ, डोळ्याला जाड भिंग. त्यांनी अनुपला मांडवातच बसवलं आणि आल्या आल्या हात धुवायला नळ विचारला. त्यामुळे मोनालीला त्या एकदम आवडल्या. ती उठून बसली होती, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

"लहान हाय," इंदूबाई पोराकडे वाकून म्हणाल्या. "पन कान मोठे हायत. आमच्या मालाची खूनच हाय ते."

"घ्या मंग," पार्वताबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात सूप होतं. मागे सीमा, तिच्यामागे किशोर, पोराला कोण आणतंय हे पाहायला आलेला. "मांडवात नेयाच्या आधी सुपात घालतो. कवडी तुमच्या हातानं द्या. दोन मिन्टाचं काम."

इंदूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"पार्वताबाई, तुमाले माहीत हाय. आमी हे करत नाही."

"कोनी पाहत नाही अठी."

"पाहाचा सवाल नाही. माह्या आजेसासूनं सोडलं ते मी धरू का?"

"एक कवडी तं हाय. धर्म बुडून राह्यला का तुमचा?"

"आई," किशोर मधे पडला, "जाऊ दे ना. आजकाल कोन विकते? लोक खोळंबले. आन रे अमोल त्याले."

"मी नाही देत," मोनाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिने अमोलच्या ओढणीची गाठ मुठीत धरली. "बाबा, तुम्ही जेवायला घाला सगळ्यांना. पोराला नाही नेणार."

"अन् पाळण्यात काय ठेवू? तुले?"

एरवी यावर सगळे हसले असते. बेबीताई तोंड उघडून तयारच होती. पण पार्वताबाई सूप घेऊन पुढे झाल्या आणि त्यातली ज्वारी सळसळली.

"पन्नास वर्सं झाली," त्या इंदूबाईंना म्हणाल्या. "तवा बी हेच सूप घेऊन आलती मी तुमच्या दारात. अशीच लहान होती माही पोरगी. तानुबाई नाही म्हने. मी तशीच वापस आली. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. एक कवडी मांगतली होती मी."

किशोरला एक मोठी बहीण होती, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. तो बेबीताईकडे पाहायला लागला आणि बेबीताई त्याच्याकडे.

इंदूबाई पलंगाच्या काठावर बसल्या. हा दिवस कधीतरी येणार हे त्यांना माहीत होतं, आणि तो बारशाच्या दिवशी यावा याचा त्यांना रागही आला. दर दिवाळीला लाडू खाताना त्यांना वाटायचं, आता ही विचारेल. पार्वताबाई विचारायच्या नाहीत. मग इंदूबाईही विषय न काढता चिवडा मागून घ्यायच्या.

"मी होती तठी," त्या म्हणाल्या. "दाराच्या मांगं. माहा पहिला लेक मांडीवर होता. बुढी नाही म्हने, हे खरं. पन कशाले नाही म्हने?"

"विकत घ्याले."

"कवडीले नाही म्हने. पोरीले नाही म्हटलं नाही. आठवा. बुढी म्हने, 'कवडी ठेव तुह्यापाशी. पोरगी आत आन. गार पडून राह्यली ते. मी छातीशी धरतो, माह्या नातसुनेले दूध हाय, ते पाजन.' नातसून म्हंजे मी."

पार्वताबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सासूनं सांगतलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "उंबऱ्याबाहेरून दे म्हने, अन् उंबऱ्याबाहेरूनच घे. आत पाय टाकजो नोको. घरात असंच होत आलं म्हने. मामंजीले बी तसंच विकलं होतं, उंबऱ्यावरून."

"उंबऱ्यावरून?" इंदूबाईंना हसूच आलं, त्या परिस्थितीतही. "कवडूआबा आमच्या घरी बसाले शिकले, रांगाले शिकले. बुढीचा मोठा पोट्टा अन् हे, दोघं एका अंगावर. उन्हाळाभर लुगड्यात बांधून फिरे ते त्याहीले. अमोल बसला ना, तसं."

"म्हंजे आबांनी..." किशोर अडखळला. "म्हंजे तुमच्या घरचं दूध..."

"मंग काय कवडी चघळून मोठे झाले का?"

बेबीताईने पदर तोंडात कोंबला.

किशोरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आजोबांच्या पुण्यतिथीला तो घराण्याच्या चालीरीतींवर दरवर्षी भाषण करायचा. त्या भाषणातलं कोणतं पान फाडावं लागेल, याचा त्याने मनातल्या मनात अंदाज घेतला. घराण्याने कवडी जपली, सूप जपलं, उंबरा तर फारच जपला. ज्यामुळे पोरगं जगलं होतं तेवढं मात्र कोणी जपलं नाही, कारण ते सांगायची लाज होती.

पार्वताबाईंना हे सगळं ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. त्या स्वतःच्या पायांकडे पाहत होत्या. त्यांनी पन्नास वर्षं तानुबाईवर राग धरला होता. तो सोडला असता तर उंबऱ्याबाहेर थबकलेल्या आपल्याच पायांवर धरावा लागला असता, आणि विशीतल्या पोरीला ते झेपलं नसतं. सत्तरीतही झेपत नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि सुनानातवंडांसमोर आलं म्हणून अजूनच आलं.

सीमा पुढे झाली, पण इंदूबाईंनी तिला हाताने थांबवलं आणि पार्वताबाईंना ओढून शेजारी बसवलं.

"मी बी चूपच उभी होती व," त्या म्हणाल्या. आतापर्यंतचं 'तुमी' कुठल्या कुठे गेलं. "बुढी बसल्या जागची उठू शकत नव्हती. मी पुढं होऊन घेतली असती तुह्या हातातून तं? मले बी भेव लागलं. मोठ्या घरच्या लेकराले हात लावला तं काय म्हनतीन."

बाहेर मांडवात कोणीतरी माइकवर हॅलो, हॅलो करत होतं.

तेवढ्यात किशोरला पाहुणे आठवले. "ते सगळं खरं हाय, मावशी. पन आता काय कराचं? पोट्टं..."

इंदूबाईंनी नाक पुसलं, चष्मा चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"किशोर, तुमच्या रिवाजानं एक सांग. कवडूआबाले परत घेतलं होतं का?"

"नाही."

"मंग ते कोनाचे?"

किशोरला खड्डा दिसला, पण पाऊल पडून गेलं होतं. "तुमचे."

"मंग त्याहीचं पोरगं? अन् तू? अन् हा अस्वल्या? अन् त्याच्या छातीवरचं ते?"

"बाप्पा," बेबीताई म्हणाली, "म्हंजे मी बी?"

"तू बी. पन तुले ठेवून काय करू ते सांग. पातूरवाल्यायलेच राहू दे." इंदूबाईंनी पाय पलंगावर घेतले. "मी विकत काही घेत नाही. पन जे पह्यलेचंच माहं हाय त्याचं मी सांगू शकतो. पोट्टं मांडवात जानार नाही. कोनाच्या हातात जानार नाही. हे मालकीन सांगून राह्यली."

किशोरने आईकडे पाहिलं. घरात शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि आईने आजवर आपली बाजू सोडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पार्वताबाईंनी पदराने डोळे टिपले. "मालकीन बोलली ना? आइकू नाही आलं का तुले?"

"पन पाळण्यात..."

"पाळण्यात वरवंटा ठेव," सीमा म्हणाली. आज सकाळपासून तिने पहिल्यांदाच कोणा एकाची बाजू घेतली होती, आणि तिचं तिलाच बरं वाटलं. "तसा बी आधी वरवंटाच ठेवते ना बारशात. मंग तो काढून पोरगं ठेवते. आपन काढाचाच नाही."

किशोरने बायकोकडे जरा नव्याने पाहिलं आणि वरवंटा आणायला गेला.

वरवंट्याला मोनालीने स्वतः अंगडं घातलं, काजळ लावलं, तीट लावली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा खळखळून हसली. आता प्रश्न एवढाच राहिला की पाळण्यापाशी आईबाप दोघंही लागणार, नाव ठेवायला आत्या लागणार, ओट्या भरायला सीमा लागणार. मग पोराला छातीशी कोण धरणार?

"मी बसतो," असं इंदूबाई म्हणतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. इंदूबाईंनी पार्वताबाईंकडे पाहिलं.

"हात धुवून ये. कोपरापरेंत. साबन लावून."

"मी?"

"मंग काय मी? माहे गुडघे दुखून राह्यले. ये, पोलक्याच्या गुंड्या सोड, टेकून बस."

"ह्या वयात? लाज नाही वाटत का मले?"

"दार लावलं हाय. अन् ते पोट्टं तुहं वय इचारत नाही."

अमोलने गाठ सोडली. पोरगं कुरकुरलं, हवेत एक पाय झाडला आणि पणजीच्या सुरकुतलेल्या छातीवर बेडकासारखं चिकटलं. इंदूबाईंनी ओढणी घट्ट बांधून दिली, वरून शाल टाकली. पार्वताबाईंचे हात आधी अधांतरीच राहिले. मग एक हात पोराच्या पाठीवर टेकला. पाठ तळहातात मावत होती.

अमोलने सदरा घातला. सगळे बाहेर गेले.

मांडवात पाळणा हलायला लागला. वरवंटा शालीखाली गुपचूप पडून होता, आणि मागच्या रांगेतल्यांना तो कळायचं कारण नव्हतं. बेबीताईने वाकून त्याच्या नसलेल्या कानात कुर्र केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं रेयांश नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. आजवर तिने जेवढ्यांची टर उडवली होती त्या सगळ्यांनी संधी साधली. शेजारच्या एका काकूंनी लांबूनच पाळण्यात पाहिलं आणि पोरगं अगदी आजोबावर गेलंय, म्हणून सांगितलं. किशोरने हात जोडून आभार मानले.

आतल्या खोलीत ते सगळं पंख्याच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

"तिचं बारसं झालंच नाही, इंदू," पार्वताबाई म्हणाल्या. "बारावा दिवसच आला नाही ना."

"हो."

"नाव सुचवून ठेवलं होतं मी. कोनाले सांगतलं नाही."

"सांग मले."

पार्वताबाईंनी सांगितलं. इतकं हळू, की शेजारी बसलेल्या इंदूबाईंनाच ते ऐकू गेलं. इंदूबाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं, मान डोलावली, आणि पार्वताबाईंच्या पाठीत हलकासा धपाटा घातला.

पंगत उठल्यावर सीमा हात धुऊन आत आली. दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोघींचे डोळे मिटलेले. कवडी सुपातच पडून होती आणि ज्वारीला मुंग्या लागल्या होत्या.

"आई, आना इकडे," सीमा म्हणाली. "तुमी थकल्या असान. मोनाली पाजाले घेते त्याले."

पार्वताबाईंनी शाल अजून वर ओढली. "भूक लागली का रडते ते. रडलं नाही अजून."

"वेळ झाला ना पन."

"मालकिनीले इचार."

सीमाने इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"राहू दे व घडीभर," त्या म्हणाल्या. "ऊब लागून राह्यली. दोघाले बी."